दर्याचं औषध

माझा आतेभाऊ आमच्याच घरात वाढला. आत्या गेली तेव्हा तो नुकता शाळेत जायला लागला होता आणि त्याचे वडील बोटीवर असायचे. आई एक दिवस त्याला हाताला धरून घरी घेऊन आली, ते कायमचंच. अंधेरीच्या पश्चिमेला खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे आमचा कोळीवाडा आहे. आमचं घर लहान, पण पुढे बोंबील वाळत घालायला मोकळी जागा होती. त्या वासात बसून आम्ही दोघांनी अभ्यास केला. तो मला ताई म्हणायचा, आईला मामी.

समुद्राचा अभ्यास करून डॉक्टरेट मिळवणारा आमच्या गावातला तो पहिलाच. पुढच्या संशोधनासाठी परदेशी निघाला तेव्हा गावानं बँड लावला. विमानतळ काही लांब नाही, त्यामुळे बँडवाल्यांना थांबावं कुठे तेच कळेना. हायवेच्या पुलाखालपर्यंत वाजवत गेले. मी तेव्हा अंधेरीतल्याच एका शाळेत मराठी शिकवायला लागले होते. वर्गात मुलांना त्याचंच उदाहरण द्यायचे.

करोनानंतर तो परत आला. अंधेरी पूर्वेला काचेच्या इमारतीत एका कंपनीचं ऑफिस होतं, तिथे मोठ्या हुद्द्यावर रुजू झाला. सवड मिळाली तशी, हिवाळा सरता सरता एका रविवारी जेवायला आला. आईनं विचारलं, "म्हंजी तू करतंस काय तिथं?" आई कोळी बोलीच बोलते आणि तिच्याशी बोलताना तोही पटकन त्याच बोलीत शिरतो. पण हे सांगताना तो मराठीवर आला.

"मामी, तुझ्या पोटात आग पडली की तू पांढरं औषध घेतेस ना? दर्याचं तेच झालंय. आपण एवढा धूर सोडतो, त्यातला बराचसा दर्या पितो. पिऊन पिऊन त्याला अ‍ॅसिडिटी झालीय. शिंपल्यांची कवचं नीट धरत नाहीत. आमची कंपनी एका दगडाची पांढरी पूड पाण्यात सोडते. दर्याचं पोट शांत होतं, आणि तो हवेतला आणखी धूर ओढून घेतो. पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवतो."

"आन औषध जास्त झाला तं?"

तो हसला. "म्हणून तर आधी थोडंसं देऊन बघायचं. आपल्या खाडीत."

आईचा हात ताटावरच थांबला. तेव्हा तो म्हणाला, "गावानं हो म्हटल्याशिवाय एक चिमूटभरसुद्धा पाण्यात जाणार नाही, मामी. मी शब्द देतो."

नंतर मला रिक्षापर्यंत सोबत घेऊन गेला. वाटेत म्हणाला, "ताई, जगात हे कसं चाललंय माहितीये? कुणी ढग पांढरे करायला निघालंय, कुणी वर आकाशात धूळ सोडून ऊन अडवायला. ज्यांच्याकडे पैसा आहे ते करतात आणि बाकीच्यांना पेपरातून कळतं. कुणी कुणाला विचारायचं, याचा नियमच नाहीये अजून. मला तसं नाही करायचं यार. मला आधी विचारायचंय. आणि आपल्या गावापासून सुरुवात करायचीय."

मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी घरी येऊन आईला ते सगळं पुन्हा सांगितलं.

होळी झाल्यावर देवळापुढच्या मैदानात पहिली सभा झाली. तो कोळीत सुरुवात करून मराठीवर यायचा, अडला की इंग्रजीत शिरायचा, आणि मग मी उभी राहून ते सोपं करून सांगायचे. हळूहळू ते कामच माझ्याकडे आलं. या सगळ्या प्रकाराला मराठीत काय म्हणतात ते मी शोधलं. 'भू-अभियांत्रिकी' असा शब्द मिळाला. कोळणींना सांगितला तर एकीनं विचारलं, "पूल बांधताव का आणखी एक?" मग मी तो शब्द सोडला आणि 'दर्याचं औषध' म्हणायला लागले. गावात तेच रुळलं.

लोकांनी मुळीच घाईनं मान डोलावली नाही. मासळी कमी झालेली होती, किनाऱ्यालगतच्या बांधकामांनी पाणी कायम गढूळ, वरून सगळ्या उपनगराचा घाण नाला आमच्याच खाडीत. बोट चालवणारा एक तांडेल चिडून म्हणाला, "गटार सोडताना नाय इचारला कोणी, आता औषध पाजाला इचारताव?" खाडीत कालवं काढणारी एक काकू आहे, माझ्या आईच्या वयाची. ओहोटीला कमरेइतक्या चिखलात उतरते आणि खडकांवरची कालवं कोयतीनं फोडते. तिनं विचारलं, "मी रोज तिथं उभी असतंय. ता औषध माझ्या अंगावं येल का?"

"आलं तरी काही होणार नाही, काकू."

"होल का नाय ता मी नाय इचारला. येल का?"

"येईल," तो म्हणाला. "पण तुम्हाला आदल्या दिवशी सांगूनच सोडू."

गावचे पाटील सगळ्यात शेवटी बोलायचे. त्यांचा प्रश्न एकच होता. "सुरू कराला आमाना इचारतंस, बरा हाय. आमी बंद कर बोल्लो तं करशील?"

"पहिल्या शब्दाला," तो म्हणाला.

मग मासेमारीवरची पावसाळी बंदी आली. बोटी वर ओढलेल्या, जाळी सांधत बसलेल्या माणसांना वेळच वेळ. शाळा सुटली की मी एकेका अंगणात जाऊन बसायचे. मला आठवतं, लोक भांडायचे, पण खोटं नव्हते बोलत. कुणी म्हणायचा कंपनी काय धर्म करायला आलीय का, परदेशातल्या कारखान्यांना धूर सोडत राहायचाय आणि त्याचं पाप आमच्या खाडीत धुवायचंय. त्याला उत्तर मिळायचं, की पाप कुणाचंही असो, उधाणाला पाणी तुझ्याच ओट्यावर येतं ना. दोन्ही बाजूंचं खरंच होतं. माझे वर्गातले विद्यार्थी एप्रिलमध्ये डोकं बाकावर टेकून बसतात, पंखे असून. काहीतरी करायला लागणार, हे मलाही दिसत होतं. आणि हे काहीतरी आमच्याच घरातला मुलगा करतोय, यापेक्षा बरं काय?

नारळी पौर्णिमा झाली, बोटी पाण्यात गेल्या, आणि त्या आठवड्यात एका संध्याकाळी पुन्हा सभा बसली. या वेळी तो नव्हता. पाटलांनीच त्याला बोलावलं नव्हतं, माणसं मोकळी बोलावीत म्हणून. बोलणं बराच वेळ चाललं. कालवंवाली काकू म्हणाली, कालवांचा हंगाम सोडून करा. तांडेल म्हणाला, पाणी मोजायला जी बोट जाईल तिच्यावर गावचा माणूस पाहिजे. आणि गाव थांब म्हणेल तेव्हा थांबायचं. या अटींवर गावानं हो म्हटलं. हात वर करून नाही, आमच्याकडे तशी रीत नाही. पाटील बोलले आणि कुणी उठून गेलं नाही, म्हणजे झालं.

मी लगेच त्याला फोन लावायला निघाले. पाटील म्हणाले, "थांब. फोनवं नको. तू परवा जातंस ना गोरेगावला? तिथं सगल्यांपुढं सांग. मोठ्या लोकांना कलू दे, इचारला तं गाव हो पन बोलतं."

गोरेगावला एका मोठ्या सभागृहात परिषद होती. हवामानात माणसानं मुद्दाम हात घालावा का, घातला तर कुणाच्या परवानगीनं, यावर बोलायला देशोदेशींची माणसं येणार होती. त्यानंच मला गावाची प्रतिनिधी म्हणून बोलावलं होतं. दोन दिवस मी ते गुपित पोटात धरून हिंडले. वर्गात शिकवताना मध्येच हसू यायचं. आईनं तिची हिरवी साडी काढून दिली आणि मी नको नको म्हणत असताना गजरा माळला.

स्टेजवर आम्ही पाच-सहा जण होतो. कानाला लावायला यंत्र दिलं होतं, त्यात इंग्रजी भाषणाचं मराठी ऐकू यायचं. मला इंग्रजी कळतं, पण मागे काचेच्या खोलीत बसून एक मुलगी इतक्या मेहनतीनं मराठी करत होती, म्हणून मी ते लावून बसले. माझ्याआधी तो बोलायला उठला. जाताना माझ्याकडे बघून हसला.

पडद्यावर आमची खाडी आली. वरून काढलेला फोटो, पलीकडच्या टॉवरच्या गच्चीवरून असणार. इतकी सुंदर दिसत होती की मी शेजारच्या बाईंना बोट करून दाखवलं, ते आमचं गाव. आणि कानात त्या मुलीचा आवाज आला, "पहिल्या हंगामाचे निष्कर्ष अत्यंत उत्साहवर्धक आहेत."

मला वाटलं, बिचारीचं भाषांतर चुकलं. मी यंत्र काढलं. तेच वाक्य त्याच्या स्वतःच्या आवाजात, इंग्रजीत, पुढे सरकत होतं. खाडीकाठी एक मोठी वसाहत झाली आहे, तिचं सांडपाणी साफ करायचं खासगी केंद्र आहे, त्या केंद्राचा पाइप खाडीत सुटतो. त्या पाइपातून कंपनीची पूड गेल्या हिवाळ्यापासून पाण्यात जात होती. हिवाळ्यापासून. म्हणजे होळीच्या सभेआधीपासून. काकूनं "अंगावं येल का" विचारलं तेव्हा ती पूड रोज तिच्या अंगावर येत होती.

पुढच्या चित्रात मी होते. देवळापुढचं मैदान, माझ्या हातात माइक, समोर बसलेल्या बायका. तो म्हणाला, स्थानिक समाजाशी संवाद समांतर सुरू आहे.

टाळ्या वाजल्या. माझं नाव पुकारलं. मी उठून कशी गेले ते आठवत नाही. माझ्यासमोर लिहून आणलेला कागद होता, त्यातलं काही वाचलं नाही. मी म्हटलं, "मी माझ्या गावाचं उत्तर घेऊन आले होते. गावानं ते सहा महिने विचार करून दिलं होतं. पण ज्यानं प्रश्न विचारला त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही, हे मला आत्ता इथे बसून कळलं. म्हणून मी ते उत्तर न देता परत घेऊन जाते."

मला वाटलं होतं, सभागृहात शांतता पसरेल. कुणीतरी त्याला उभं करून विचारेल. झालं उलटंच. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. सूत्रसंचालक बाई म्हणाल्या, किती प्रामाणिक मनोगत, अशा आवाजांसाठीच तर ही परिषद आहे. आणि मग त्यांनी चहाची सुटी जाहीर केली. मी गेले होते भांडायला, आणि माझं भांडण त्यांच्या कार्यक्रमात छान बसलं.

चहाच्या टेबलापाशी तो मागून आला. "ताई, ऐक ना."

"बोल."

"कायद्यानं यात काही चूक नाहीये. सांडपाणी साफ करताना अशी पूड आधीपासून वापरतात. ती पाण्यात सोडायला वेगळी परवानगीच लागत नाही."

"दर्याला औषध द्यायला?"

"त्याला तर कायदाच नाहीये अजून. मोडणार काय?"

"मला कायदा नको सांगूस. गावाचं सांग."

"गावाला विचारतच होतो ना आपण."

"काय विचारत होतास? झालेलं?"

त्यानं आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला. "कंपनीनं परदेशातल्या गिऱ्हाइकांना शब्द दिला होता, ताई. हिवाळ्यात सुरू करायचंच होतं. मी म्हटलं थांबा, नाही थांबले. मग मला वाटलं, आपलं गाव आहे, हो म्हणेलच. थोडं पुढेमागे झालं तर काय फरक पडतो?" मग त्यानं विचारलं, "काय होतं उत्तर?"

"हो."

त्याचा चेहरा क्षणभर उजळला. लहानपणी निकाल लागल्यावर व्हायचा तसा. "मग?" तो म्हणाला. "मग सगळं ठीकच आहे ना?"

त्या 'मग'नं मला जे झालं ते त्या पडद्यावरच्या फोटोनंही झालं नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं. मी चहाचा कप तसाच ठेवला आणि बाहेर येऊन रिक्षा केली. गोरेगाव ते अंधेरी रस्ताभर गजरा काढत होते, पिना निघत नव्हत्या.

तोवर मी गावाला सगळं सांगितलं होतं. रविवारी तो गावात आला. येईल असं मला वाटलं नव्हतं, तेवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. मैदानात माणसं जमली. त्यानं लॅपटॉप उघडून आकडे दाखवायला सुरुवात केली. पाणी सुधारलं होतं, म्हणे. कालवं मेली नव्हती, मासळीला काही झालं नव्हतं. ते खोटं असेल असं मला आजही वाटत नाही.

पाटील म्हणाले, "बरा झाला का वाईट झाला, ह्या आमी इचारतच नाय."

कालवंवाली काकू पुढे येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. तिनं त्याला अंगाखांद्यावर खेळवलेलं. "माझ्या अंगावं औषध येत होता," ती म्हणाली, "तवा तू वरती गच्चीवं उभा राहून फोटू काढत होतास?"

त्यानं लॅपटॉप मिटला.

सवयीनं तो आमच्या घरी आला. आईनं जेवायला वाढलं. तिच्या घरात कुणी उपाशी गेलेलं नाही. त्याचं जेवण होऊ दिलं. मग विचारलं, "तू हितं बसून मना सबूद दिलास, एक चिमूट जानार नाय बोललास. तवा सुरू झालता का?"

मला आतून वाटत होतं त्यानं नाही म्हणावं. कंपनीनं नंतर केलं, मला नंतर कळलं, असं काहीतरी.

"हो, मामी," तो म्हणाला.

आई उठली आणि ताट उचलून मोरीत गेली. नळ सोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तो ओट्यावर उभा राहिला, माझ्याकडे बघितलं, आणि गेला.

मी गप्प बसले नाही. शाळेतून सुट्टी काढून ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या. एकीकडे सांगितलं, समुद्रात बोटीनं टाकलं असतं तर आमच्याकडे आलं असतं, पाइपातून आलं म्हणजे ते दुसऱ्यांचं. दुसरीकडे सांगितलं, सांडपाण्यात काही विषारी आढळलं का? नाही ना? मग तक्रार कसली? हवामानाबद्दल म्हणत असाल तर ते दिल्लीला. कुणी उद्धट बोललं नाही. एका साहेबांनी तर खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण हे नक्की कशात बसतं, ते तुम्हीच सांगा मला." मी एवढी मराठी शिकवते, पण मला सांगता येईना. आम्हाला विचारून आमचं उत्तर ऐकलं नाही, या गुन्ह्याला त्यांच्याकडे खिडकीच नव्हती.

काही महिन्यांनी पाइपातून पूड सोडणं बंद झालं. आमच्यामुळे नाही. कंपनीला खाली कोकणात जास्त सोयीची खाडी मिळाली. तोही तिकडेच गेला. दिवाळीला आईला फोन करतो. आई गुडघ्यांबद्दल बोलते, तो कामाबद्दल बोलत नाही. तिथेही गावकऱ्यांशी संवाद सुरू आहे, असं मी कुठेतरी वाचलं. त्या गावात कुणाची तरी ताई माइक धरून उभी असेल का, हा विचार आला की मी हातातलं काम घेऊन दुसऱ्या खोलीत जाते.

लोक मला विचारतात, म्हणजे तुम्ही या सगळ्याच्या विरोधात का? नाही. मी आजही सांगू शकत नाही की दर्याला औषध देऊ नये. कदाचित द्यावं लागेल. ढगांचंही काही करावं लागेल, मला माहीत नाही. पण आता कुणी ते सांगायला आलं, तर मला ते ऐकून घेता येत नाही. त्यानं माझ्याकडून नेलं असेल तर हे नेलं.

या हिवाळ्यात कॉलेजात शिकणारी एक मुलगी गावात आली. घाटकोपरची होती. तिला आमच्या बोटींना पाण्याचं तापमान मोजणारं छोटं यंत्र बांधायचं होतं, एवढंच. पाण्यात काही सोडायचं नाही, काही काढायचं नाही. पाटलांच्या ओट्यावर सतरंजीच्या कडेला बसून तिनं नीट समजावून सांगितलं. फार चांगलं बोलली.

पाटलांनी विचारलं, "बांधलास का कुठं आधीच?"

ती गोंधळली. "नाही हो. म्हणून तर आधी विचारायला आलेय."

ओट्यावरची माणसं माझ्याकडे बघायला लागली. सहा महिने मीच त्यांच्या दारोदार फिरले होते, म्हणून असेल. मी एक शब्द बोलले असते तर कदाचित पाटलांनी पुन्हा विचार केला असता. मी काही बोलले नाही. पाटील म्हणाले, "नको बाय. आमाला नको."

तिनं समोरचा चहा संपवला, सगळ्यांना नमस्कार केला. रस्त्यापर्यंत मी तिच्यासोबत गेले. ती पिशवीतलं यंत्र हातात घेऊन चालत होती.

"मॅडम, माझं काही चुकलं का बोलताना?"

"नाही गं," मी म्हटलं. "तुझं काहीच चुकलं नाही."

मी आणखी काही सांगेन म्हणून ती थांबली. समोरून रिक्षा आली, मी हात केला, आणि मीटर पाडायला सांगून तिला बसवून दिलं.